ब्रिटनमध्ये मुलाचं नागरिकत्व: आधी कलम ठरवा, मग कागद गोळा करा

मोठ्यांनी ब्रिटिश नागरिकत्वासाठी अर्ज केला की त्याला ‘नॅचरलायझेशन’ म्हणतात. घरातल्या मुलासाठीही लोक तोच शब्द वापरतात आणि तोच फॉर्म शोधत बसतात. तो फॉर्म मुलांसाठी नाहीच. १९८१ च्या ब्रिटिश नॅशनॅलिटी अ‍ॅक्टमधलं सहावं कलम फक्त सज्ञान व्यक्तीला लागू होतं. अठराच्या आतल्या मुलाचं होतं ते ‘रजिस्ट्रेशन’. त्याचा फॉर्म बहुतेक वेळा एमएन१ असतो, आणि सरकारी संकेतस्थळावर तो ऑनलाइन भरता येतो. मुलाला ‘लाइफ इन द यूके’ परीक्षा द्यावी लागत नाही, इंग्रजीचं प्रमाणपत्र लागत नाही, शपथविधीही नसतो.

एमएन१ हा एकच फॉर्म असला तरी त्यात कायद्याची वेगवेगळी कलमं येतात, आणि कलमाप्रमाणे कागद बदलतात. कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली यादी तुमच्या उपयोगाची असेलच असं नाही. त्यांचं मूल लंडनच्या रुग्णालयात जन्मलेलं असतं, तुमचं सांगलीच्या. तेव्हा आधी स्वतःचं कलम ठरवा.

तुमचं मूल कुठल्या गटात बसतं

मूल ब्रिटनमध्ये जन्मलं आणि त्या दिवशी आई किंवा बाबांपैकी एकाकडे आयएलआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, होती: हे मूल जन्मतःच ब्रिटिश आहे. काहीही रजिस्टर करू नका. थेट पासपोर्टसाठी अर्ज करा. अशा मुलासाठी एमएन१ भरून हजारभर पौंड घालवणारे पालक खरोखर असतात, आणि फी परत मिळेलच याची खात्री नसते.

मूल ब्रिटनमध्ये जन्मलं, पण तेव्हा दोघेही वर्क व्हिसावर होते आणि नंतर एकाला आयएलआर किंवा नागरिकत्व मिळालं: कलम १(३). हा मुलाचा हक्क आहे, अधिकाऱ्याची मर्जी नाही. दोघांपैकी एक पालक पुरतो. मुलाकडे स्वतःचा आयएलआर नसला तरी चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. त्यामुळे आधी मुलाचा आयएलआर काढायचा, मग नागरिकत्वाचा अर्ज, असा दुहेरी खर्च होतो.

मूल ब्रिटनमध्ये जन्मलं आणि पहिली दहा वर्षं इथेच राहिलं: कलम १(४). इथे आईवडिलांचा व्हिसा कोणता होता हे पाहिलं जात नाही. फॉर्म मात्र वेगळा आहे, फॉर्म टी.

मूल भारतात जन्मलं आणि आईवडिलांबरोबर डिपेंडंट व्हिसावर आलं: कलम ३(१). पुण्या-मुंबईहून आयटीच्या नोकरीवर गेलेल्या बहुतेक मराठी घरांचं प्रकरण हेच असतं. इथे हक्क नसतो, निर्णय होम ऑफिसच्या, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याच्या, अखत्यारीत असतो, आणि म्हणून सगळ्यात जास्त कागद इथेच लागतात.

आईवडिलांपैकी एकजण ब्रिटनमध्ये नॅचरलाइझ झाला आणि त्यानंतर मूल भारतात जन्मलं, म्हणजे पहिल्या बाळंतपणाला माहेरी वगैरे: तेही मूल जन्मतःच ब्रिटिश, ‘वंशाने’, म्हणजे पालकाकडून नागरिकत्व मिळालेलं. तिथेही रजिस्ट्रेशन लागत नाही.

दत्तक मुलांचं आणि ‘वंशाने ब्रिटिश’ असलेल्या पालकांच्या मुलांचं गणित निराळं आहे. ते या लेखात नाही.

कलम १(३): थोडे कागद, पण नेमके

मुलाचा पूर्ण जन्मदाखला. ब्रिटनमध्ये छोटा आणि पूर्ण असे दोन नमुने असतात. छोट्यावर आईवडिलांची नावं नसतात, आणि तो जोडला तर नातं सिद्ध होत नाही. पूर्ण दाखला नसेल तर जन्म जिथे नोंदवला त्या रजिस्टर ऑफिसकडून किंवा जनरल रजिस्टर ऑफिसकडून प्रत मागवा.

ज्या पालकाच्या जोरावर अर्ज आहे त्याचा पासपोर्ट आणि त्याच्या दर्जाचा पुरावा. आयएलआर असेल तर मंजुरीचं पत्र आणि ईव्हिसा (दर्जाची ऑनलाइन नोंद), नागरिकत्व असेल तर नॅचरलायझेशनचं प्रमाणपत्र. जुनं प्लास्टिकचं बीआरपी कार्ड (निवास परवाना) घरात असेल तर त्याची दोन्ही बाजूंची प्रत जोडा. ही कार्डं ३१ डिसेंबर २०२४ ला कालबाह्य झाली, तरी दर्जा कधीपासून आहे हे त्यावरून कळतं. इथे तारीख महत्त्वाची: पालकाला हा दर्जा मुलाच्या जन्मानंतर मिळाला हे कागदावर दिसायला हवं.

वडिलांच्या दर्जावर अर्ज असेल तर लग्नाचा दाखलाही जोडा. १ जुलै २००६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या बाबतीत लग्न झालेलं असण्याची अट नाही, पितृत्व सिद्ध झालं की पुरतं. पण दाखला असला की पुढचा प्रश्नच उरत नाही.

मुलाचा पासपोर्ट असेल तर तो. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या भारतीय मुलांचा जन्म बहुतेक पालक उच्चायुक्तालयात नोंदवतात आणि भारतीय पासपोर्ट काढतात. तो जोडा. पासपोर्ट काढलाच नसेल तर अर्ज अडत नाही, पण ओळखीसाठी रेड बुक (बाळाच्या आरोग्याची नोंदवही), जीपीचं म्हणजे फॅमिली डॉक्टरचं पत्र, शाळेचं पत्र असं काहीतरी द्या.

याशिवाय दोन रेफरी, म्हणजे मुलाची ओळख पटवणारे. त्यांच्याविषयी खाली.

कलम ३(१): जिथे खरी मेहनत आहे

अधिकारी इथे चार-पाच गोष्टी तपासतो: मुलाचं पुढचं आयुष्य ब्रिटनमध्येच जाणार आहे का, आईवडिलांचा दर्जा काय, मुलाचा स्वतःचा दर्जा काय, ते इथे किती काळ राहिलं आहे, आणि पालकत्वाचा अधिकार असलेल्या सगळ्यांची संमती आहे का. प्रत्येक प्रश्नासाठी कागद हवा. सगळे कागद एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतील तर ढीग मोठा असूनही अर्ज लंगडाच राहतो.

आईवडिलांच्या दर्जाविषयीची अपेक्षा अशी असते: दोघेही ब्रिटिश, किंवा एक ब्रिटिश आणि दुसऱ्याकडे आयएलआर. आईवडील आपला अर्ज करतानाच मुलाचाही करता येतो. मग आधी पालकांचा निकाल लागतो आणि नंतर मुलाचा. धोका उघड आहे. पालकाचा अर्ज नाकारला गेला तर मुलाचाही पडतो आणि त्याची फी जाते. परदेशात राहिलेले दिवस मर्यादेच्या काठावर असतील, किंवा टॅक्सचं काही लफडं असेल, तर आधी आपलं प्रमाणपत्र हातात येऊ द्या आणि मग मुलाचा अर्ज करा. घाई फक्त सतरा वर्षांच्या मुलाची. अर्जाच्या तारखेला वय अठराच्या आत हवं, निकाल नंतर लागला तरी चालतो. अठरा पूर्ण झाली की मोठ्यांचा रस्ता: परीक्षा, इंग्रजी, जास्त फी.

मुलाच्या दर्जासाठी त्याचा स्वतःचा आयएलआर दाखवा. एकालाच आयएलआर आणि दुसरा अजून डिपेंडंट व्हिसावर, अशी स्थिती असेल तर भारतात जन्मलेल्या मुलालाही सहसा आयएलआर मिळालेला नसतो, आणि ३(१) चा अर्ज कमकुवत पडतो. त्याच घरातलं धाकटं, ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल मात्र १(३) खाली एका पालकाच्या बळावर आरामात निघून जातं. दोन भावंडं, दोन कलमं, दोन फायली. कागद एकत्र करू नका.

राहण्याचा पुरावा म्हणून मुलाचे आजवरचे सगळे पासपोर्ट द्या. लहान मुलाचा भारतीय पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, त्यामुळे आठ-नऊ वर्षांच्या मुलाचे दोन निघतात. जुन्यातच पहिला व्हिसा असतो आणि तोच नेमका सापडत नाही. फक्त फोटोचं पान देऊ नका, शिक्के असलेली सगळी पानं द्या. मुंबई विमानतळावरचे आगमन-प्रस्थानाचे शिक्के इथले दिवस मोजायला उपयोगी पडतात. मूल तेरा वर्षांच्या पुढचं असेल तर आधीची दोन वर्षं ते इथे राहिलेलं असावं अशी अपेक्षा असते, म्हणून त्या काळाचा पुरावा सलग ठेवा.

शाळेचं पत्र हा या फाइलचा कणा. ‘हे मूल आमच्या शाळेत शिकतं’ एवढ्या एका ओळीच्या पत्राचा उपयोग कमी. पत्रात मुलाचं पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता, शाळेत दाखल झाल्याची तारीख, सध्याची इयत्ता आणि आईवडिलांची नावं असावीत. लेटरहेड, सही, पद आणि तारीख हवीच. शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेचंही घ्या. इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या शेवटाला बंद होतात आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात. ऑगस्टमध्ये अर्ज करायचा बेत असेल तर पत्र जूनमध्येच मागून ठेवा. ऑफिसला नुसतं ‘लेटर द्या’ म्हणण्यापेक्षा हव्या त्या मुद्द्यांची यादी ईमेलने पाठवली की पत्र एका फेरीत नीट येतं.

भविष्य इथेच आहे हे दाखवायला कुटुंबाचे कागद: घराचा करारनामा किंवा गृहकर्जाचं स्टेटमेंट, काउन्सिल टॅक्सचं बिल, पालकाच्या नोकरीचं पत्र, जीपीकडे नोंदणी असल्याचं पत्र. क्रिकेट क्लब, पोहण्याचा वर्ग, मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेचं प्रमाणपत्र हे चालतं, पण एखाद-दुसरंच. अशी पंधरा प्रमाणपत्रं जोडून वजन वाढत नाही.

संमती दोन्ही पालकांची. अर्ज एकजण भरतो, दुसऱ्याने सही केलेलं छोटं पत्र आणि पासपोर्टची प्रत जोडावी. घटस्फोट झाला असेल तर मुलाच्या ताब्याविषयीचा न्यायालयाचा आदेश. भारतीय न्यायालयाचा निकाल मराठीत असेल तर भाषांतर लागेल. एक पालक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला.

भारतातला जन्मदाखला: सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात

जन्माची नोंद बाळ जिथे जन्मलं तिथे होते, आईवडील जिथे राहतात तिथे नाही. पुण्यात संसार आणि बाळंतपण माहेरी सांगलीला झालं असेल, तर दाखला सांगलीच्या महानगरपालिकेतून काढावा लागतो. गावच्या ग्रामीण रुग्णालयात झालं असेल तर तिथल्या ग्रामपंचायतीकडे किंवा आरोग्य संस्थेकडे नोंद असते. हे लंडनहून करायचं म्हणजे तिथे कुणीतरी नातेवाईक जायला हवा, आणि त्याच्याकडे तुमच्या पासपोर्टची प्रत व अधिकारपत्र असलं तर काम सोपं जातं.

दाखला हातात आल्यावर चार जागा पाहा.

पहिली, मुलाचं नाव. बारशाच्या आधीच रुग्णालयाने जन्म कळवलेला असतो, त्यामुळे पुष्कळ दाखल्यांवर नावाची जागा कोरी असते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या चौदाव्या कलमाप्रमाणे नाव नंतर भरता येतं. नियमांत त्यासाठी पंधरा वर्षांची मुदत आहे, आणि एका वर्षानंतर विलंब शुल्क पडतं. नाव नसलेला दाखला जोडून सोबत ‘हाच तो मुलगा’ असं प्रतिज्ञापत्र देण्यापेक्षा नाव भरून नवा दाखला काढा. हा कागद पुढे ब्रिटिश पासपोर्टला आणि ओसीआयलाही (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांचं कार्ड) लागणार आहे.

दुसरी, आईचं नाव. दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, किंवा लग्नात नावच बदललेलं. ब्रिटिश अधिकाऱ्याच्या दृष्टीने या दोन वेगळ्या बायका आहेत. दोघी एकच हे दाखवायला लग्नाचा नोंदणी दाखला लागतो. त्यातही फक्त माहेरचं नाव असेल, तर नावबदलाचं राजपत्र, किंवा दोन्ही नावं नमूद केलेलं प्रतिज्ञापत्र आणि माहेरच्या नावाचा जुना पासपोर्ट जोडा. लग्नपत्रिका आणि कार्यालयातले फोटो हा पुरावा नव्हे.

तिसरी, नावाचा क्रम. दाखल्यावर ‘पाटील आरव सचिन’, पासपोर्टवर ‘आरव सचिन’ हे नाव आणि ‘पाटील’ हे आडनाव, शाळेत नुसतं ‘आरव पाटील’. याने अर्ज फेटाळला जात नाही, पण प्रमाणपत्रावर कोणतं नाव छापायचं याचा गोंधळ होतो. फॉर्ममध्ये पासपोर्टप्रमाणेच लिहा आणि ‘इतर नावं’ या रकान्यात बाकीची रूपं द्या. आडनावाचा रकाना कोरा असलेला भारतीय पासपोर्ट असेल, सगळं नाव एकाच ओळीत, तर अर्जाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. ब्रिटिश पासपोर्ट ऑफिस सगळ्या कागदांवर एकच नाव मागतं, तेव्हा ही कटकट आत्ता नाही तर नंतर करावीच लागते. मधलं नाव म्हणून बाबांचं नाव ठेवायचं की नाही, हेही आत्ताच ठरवा.

चौथी, जन्मतारीख. पासपोर्ट आणि दाखला यात एका दिवसाचाही फरक असला तरी आधी तो मिटवा. मध्यरात्रीच्या जन्मांत असं होतं.

महाराष्ट्रातले सध्याचे दाखले मराठी-इंग्रजी दोन्हींत असतात, त्यांना भाषांतर लागत नाही. जुना हस्तलिखित, फक्त मराठीतला असेल तर नवा द्विभाषिक काढणं भाषांतरापेक्षा बरं. भाषांतर करायचंच झालं तर त्यावर भाषांतरकाराने ते मूळ कागदाचं अचूक भाषांतर असल्याचं लिहून तारीख, पूर्ण नाव, सही आणि संपर्क द्यावा. इंग्रजी उत्तम असलेल्या मामाने केलेलं भाषांतर चालणार नाही असं धरून चाला. नोटरी किंवा अपॉस्टिल (कागद खरा असल्याचं सरकारी प्रमाणीकरण) मात्र या अर्जासाठी करत बसू नका.

दहा वर्षांचा रस्ता

कलम १(४) खाली पहिल्या दहा वर्षांत प्रत्येक वर्षी ब्रिटनबाहेर ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. वर्ष म्हणजे वाढदिवस ते वाढदिवस, जानेवारी ते डिसेंबर नव्हे. कागद दहा वर्षांचे लागतात: पूर्ण जन्मदाखला, सगळे पासपोर्ट, सुरुवातीच्या वर्षांसाठी रेड बुकमधल्या लसीकरणाच्या नोंदी आणि जीपीची नोंद, नर्सरीची बिलं, मग शाळांची पत्रं. वर्षवार तक्ता करा आणि प्रत्येक वर्षासमोर निदान एक कागद लिहा. जे वर्ष रिकामं दिसेल तिथे शोधाशोध करा, बहुतेक वेळा ते दुसरं-तिसरं वर्ष असतं.

बाळाला चार महिने आजी-आजोबांकडे ठेवलं होतं, असं घडलेलं असतंच. कलम १(७) प्रमाणे जास्तीचे दिवस माफ करण्याचा अधिकार होम ऑफिसला आहे. कारण लपवू नका. आईचं आजारपण असेल तर रुग्णालयाचे कागद, लॉकडाउनमध्ये अडकलात तर रद्द झालेल्या तिकिटांचे ईमेल, आणि एक पानाचं स्पष्टीकरण.

रेफरी

दोन लागतात. एकजण व्यावसायिक नात्याने मुलाच्या संपर्कात आलेला हवा: शिक्षक, हेल्थ व्हिजिटर, समाजसेवक, धर्मगुरू. त्याचं नागरिकत्व कोणतंही चालतं. दुसरा ब्रिटिश पासपोर्टधारक आणि व्यावसायिक किंवा पंचविशीच्या पुढचा. दोघेही मुलाचे नातेवाईक नकोत, एकमेकांचे नकोत, या अर्जाचं काम पाहणारा वकील नको, होम ऑफिसचा कर्मचारी नको.

यात आपल्याकडची गफलत ठरलेली आहे. मूल ज्याला काका म्हणतं तो खरा काका नसतो हे ठीक, पण खऱ्या मावशीच्या नवऱ्याला रेफरी करणं चालत नाही. दुसरी गफलत म्हणजे नवरा-बायको दोघांना घेणं. रेफरीच्या फॉर्मवर सही आणि तारीख त्यानेच स्वतः घालायची, पासपोर्ट क्रमांक त्याच्याकडूनच तपासून घ्यायचा. शिक्षक काही शाळांत सही करायला तयार होत नाहीत. तेव्हा दुसरं नाव आधीच मनात असू द्या.

दहा वर्षांवरील मुलं, फी आणि अपॉइंटमेंट

दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला ‘चांगल्या वर्तना’ची अट लागू होते. पोलिसांनी दिलेली ताकीद असेल तरी फॉर्ममध्ये लिहा. न लिहिणं हे मूळ प्रकरणापेक्षा महाग पडतं.

एप्रिल २०२५ च्या दरपत्रकात मुलाच्या रजिस्ट्रेशनची फी १,२१४ पौंड होती. दर बहुधा एप्रिलमध्ये बदलतात, भरण्याआधी त्या दिवसाचा आकडा पाहा. ज्या घराला फी खरंच परवडत नाही त्याला फीमाफी मागता येते, त्यासाठी बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा आणि खर्चाचा तपशील लागतो. माफीचा अर्ज आधी, मुख्य अर्ज नंतर.

फी भरली की बायोमेट्रिक अपॉइंटमेंट मिळते. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो मात्र घेतात. कागद अपॉइंटमेंटच्या आधी स्वतः अपलोड करा. केंद्रावर स्कॅन करून घ्यायला जास्तीचे पैसे पडतात. फाइल रंगीत, चारही कोपरे दिसणारी. प्रत्येक कागद वेगळा, आणि नावावरून कळेल असा: ‘आईचा पासपोर्ट’, ‘शाळेचं पत्र’. सोबत एका पानाचं पत्र ठेवा, त्यात कोणत्या कलमाखाली अर्ज आहे आणि कोणता कागद कशासाठी जोडला आहे हे लिहा. निकालाला साधारण सहा महिने धरा.

प्रमाणपत्र आल्यावर

आधी स्पेलिंग, जन्मतारीख आणि जन्मस्थळ तपासा. चूक असेल तर लगेच कळवा, पासपोर्ट काढून झाल्यावर नाही.

मग भारताची बाजू. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम लागू होतं, आणि मुलाचा भारतीय पासपोर्ट त्यानंतर प्रवासासाठी वापरायचा नसतो. प्रमाणपत्र आलं, ब्रिटिश पासपोर्ट अजून आला नाही, आणि गणपतीची तिकिटं काढलेली आहेत, हा पेच दरवर्षी कुणाचा तरी होतो. क्रम असा: ब्रिटिश पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द करून सरेंडर सर्टिफिकेट, मग ओसीआय. ओसीआय हातात येईपर्यंत भारतात जायचं असेल तर व्हिसा काढावा लागतो. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाच्या ओसीआयसाठी तिथल्या जन्मदाखल्यावर अपॉस्टिल लागतं, ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याकडून करून घ्यायचं. रद्द केलेला पासपोर्ट आणि सरेंडर सर्टिफिकेट दोन्ही जपून ठेवा, ओसीआयच्या अर्जात दोन्हींच्या प्रती मागतात.